शत्रूची बटणं

बायको गेली त्याच दिवशी आपल्या सरकारने शेजारच्या शत्रूदेशाशी व्यापार बंद केला. आमच्या कारखान्यात आपल्या फौजेचे कोट शिवले जातात आणि बटणं त्याच शत्रूकडून येतात. सगळा कारभार बायको बघायची. मी नुसता मशीन दुरुस्त करणारा.

पंधरा दिवसांनी फौजेचे साहेब आले.

"महिनाअखेर कोट नाही मिळाले तर कारखान्याला टाळं."

"बटणं नाहीत, साहेब."

"दुसऱ्याकडून घ्या!"

"दुसरेही त्यांच्याकडूनच घेतात."

साहेब चहा न पिताच गेले.

आणि काल तिसऱ्याच देशातून फिरून एक खोकं आलं. आत बटणं आणि तिकडच्या बटणवालीची चिठ्ठी :

"ताई, वीस वर्षं फोनवर माझ्याशी भांडलीस, आणि आता फोनच उचलत नाहीस? घे तुझी बटणं. तुमच्या चेनींवाचून आमच्या फौजेच्या विजारी अडल्यात. तेवढ्या लगेच पाठव. आमची पोरं काय एका हाताने विजार धरून लढणार?"

गोदामातल्या चेनी मी आजच त्याच वाटेने पाठवल्या.



ताई गेली, हे तिला कळवायचं तेवढं राहिलंय.