शब्दकोड्याचा कोपरा

अर्लीन कोव्हाचने वर्तमानपत्र उचललं आणि त्याला पाडलेल्या भोकातून समोर बसलेल्या लमारकडे बघितलं.

"आज याने कोडंसुद्धा कापलंय. खालचा उजवा कोपराच नाही."

लमार पूर्वी शहरात बस चालवायचा, आता अर्लीनबरोबर ज्यूरीत होता. त्याने अंड्यावर मिरपूड टाकली. "आरोपीचं नाव आलं असेल कोड्यात. ड्वेन कायद्याचा पक्का माणूस."

कोर्टाचा हवालदार ड्वेन प्रुईट दाराशी उभा होता. एरवी त्याने उलट टोमणा मारला असता. आज तो म्हणाला, "चूक झाली, बाई," आणि अर्लीनच्या बशीत स्वतःचा डोनट ठेवून गेला.

सहा महिने हे असंच चाललं होतं. क्लीव्हलंडच्या त्या दंतवैद्याने बायकोचा खून केला की नाही, हे टीव्हीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत दाखवत होते. न्हाव्यांनी निकाल दिला होता, टॅक्सीवाल्यांनी शिक्षा सुनावली होती. सगळ्या देशाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त हॉटेलात कोंडलेल्या या बारा जणांना, कारण निकाल त्यांनी द्यायचा होता. रोज पहाटे ड्वेन बाराही पेपर कात्रीने चाळायचा. कापलेले तुकडे तो टाकत नसे. प्रत्येकाच्या नावाचं बुटांचं खोकं होतं. खटला संपला की ज्याचं खोकं त्याला, आठवण म्हणून.

अर्लीनला आठवण नको होती, घर हवं होतं. नवऱ्याच्या, गसच्या, फुप्फुसाचं दुखणं जूनमध्ये कळलं. डॉक्टर म्हणाले, पानं गळेपर्यंत. तिने न्यायाधीशांकडे सुटका मागितली. पण सहा राखीव ज्यूरर होते ते सगळे वापरून झाले होते. कुणी आजारी पडलं, कुणी भांडलं, एकजण तर चोरून पुस्तक लिहिताना सापडला.

"आता एकजण जरी गेलं तरी सगळं पहिल्यापासून," न्यायाधीश म्हणाले. "तुमच्यावर सोडतो."

तिच्यावर सोडलं म्हणजे ती राहिली.

रात्री दहा मिनिटं फोन. दुसऱ्या फोनवर ड्वेन ऐकत बसायचा, तसा नियमच होता.

"बाबा झोपलेत गं," त्या आठवड्यात मुलगी डेबी म्हणाली. "काल पूर्ण मॅच बघितली त्यांनी. दमले."

"पूर्ण?" अर्लीन हसली. "अगं, काल पाऊस पडला. दुसऱ्या डावातच मैदानावर ताडपत्री घातली. आम्हीही बघत होतो, मॅच तेवढी बघू देतात."

मग डेबी म्हणाली, "मला काय कळतं बेसबॉलमधलं. आई, ते टीव्हीवाले रोज फोन करतात. ज्यूरीत शेवटपर्यंत टिकतील त्यांनाच कार्यक्रमात बोलावणारेत. तू आपली टिकून राहा."

"बाबांना सांग, एक्केचाळीस वर्षांनी आपली टीम फायनलला चाललीय. मी आल्याशिवाय बघायची नाही म्हणावं."

"सांगते," डेबी म्हणाली.

फोन ठेवल्यावर अर्लीन ड्वेनला म्हणाली, "माझ्या पोटी आली आणि पाऊस कळत नाही हिला." ड्वेन वहीत काहीतरी लिहीत राहिला.

पुढचे तीन आठवडे गस झोपलेलाच होता. औषधं जड असतात, अर्लीनला माहीत होतं.

मग ज्यूरी निकाल ठरवायला खोलीत बसली; बाराही जणांचं एकमत लागत होतं. अकरा जण म्हणाले दोषी. अर्लीन म्हणाली, नाही.

"त्या साक्षीदाराने धुक्यात, रस्त्यापलीकडून, चष्म्याशिवाय माणूस ओळखला," ती म्हणाली. "चष्म्याशिवाय मला न्हाणीघराच्या दारातून माझा गससुद्धा ओळखू येत नाही."

एक दिवस गेला. दोन गेले. कुणी तिच्याशी जेवताना बोलेना. तिसऱ्या सकाळी लमार खुर्ची ओढून जवळ बसला.

"अर्लीन, तुझी शंका खरी असेल. पण गससुद्धा खरा आहे. तू अडून बसलीस तर महिना जाईल. महिना आहे का त्याच्याकडे?"

खिडकीबाहेरच्या मेपलच्या पानांना गळण्याआधीची लाली चढली होती. अर्लीनने बराच वेळ झाडाकडे बघितलं. मग चिठ्ठी घेतली, त्यावर दोषी लिहिलं आणि घडी घातली. घडी घालताना तिचा हात थांबला. लमारने चिठ्ठी हळूच काढून घेतली.

निकाल वाचला तेव्हा दंतवैद्याने बाकी कुणाकडे नाही, नेमकं तिच्याकडे बघितलं. तिने घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळची फायनल सुरू व्हायला तीन तास होते.

ड्वेन स्वतः तिला सरकारी गाडीतून घरी सोडायला निघाला. खोकं तिच्या मांडीवर होतं.

"घरी गेल्यावर उघडा, बाई."

"सात महिने ऐकलं तुझं, लेका. आजपासून नाही." तिने झाकण काढलं. वर दंतवैद्य, खाली दंतवैद्य, वकील, पुन्हा दंतवैद्य. मग तिला हवा होता तो तुकडा सापडला. "हा बघ माझा कोपरा. पेन दे."

ड्वेनने पेन दिलं. रेडिओ बंद केला.

"मासे खाणारा पांढरा पक्षी. हं." तिने चौकोन भरले. "शेवटची ओळ राहू देते. ती गसला सोडवायला देईन. त्याला वाटलं पाहिजे, माझं त्याच्यावाचून अडतं."

शाई मागे उतरली का बघायला तिने तुकडा उलटला.

मागे गसचा फोटो होता, लग्नातला टाय घातलेला. खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. 'ऑगस्ट (गस) कोव्हाच, वय अडुसष्ट. अंत्यविधी गुरुवारी सकाळी. पत्नी अर्लीन न्यायदानाच्या कामात असल्यामुळे उपस्थित राहू शकणार नाहीत.'