उंदराच्या पिल्लाचा आवाज

"वेट फॉर मी, ममा!" दीपमालानं माइकजवळ तोंड नेऊन हाक मारली, आणि उंदराच्या पिल्लाऐवजी म्हातारा बोका खोकल्यासारखा आवाज निघाला.

मुंबईहून डबिंग ऐकणाऱ्या पृथ्वीराजनं हेडफोनमध्ये "थांब" म्हटलं. दिग्दर्शकानं मध्येच थांबवलं की समजावं, गाडं अडलंय.

"घसा बसलाय का गं?" त्यानं विचारलं. "नव्या सीझनसाठी आवाज आजच ठरतोय. चॅनेलवाल्यांनी दिल्लीची एक मुलगी ऐकून ठेवलीय. मी तुझ्यासाठी किती अडवून धरू?"

"पाणी पिऊन आले, सर," ती कशीबशी म्हणाली आणि तिनं माइक बंद केला.

घसा कालच गेला होता. बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली, आणि वर आभाळ भरून आलेलं. जाळीवर वाळत घातलेला माल भिजेल म्हणून घरची सगळी शेडकडे पळाली, तशी हीही पळाली. झाकायला दुसरं काही दिसेना, म्हणून धुरी कोंडायला घातलेलीच ताडपत्री ओढली आणि धूर छातीभर घेतला. तासगावच्या सुनेला हे कळायला नको? पण त्या घाईत कळलं नाही खरं.

गोधड्या-वाकळा टांगून घरातच आवाजबंद केलेल्या त्या खोलीत सासू, बनुबाई, ज्येष्ठमधाचा काढा घेऊन आली.

"आज नगं बोलूस, पोरी. उद्या बोलीन म्हणावं."

"उद्या कोण इचारतंय, आत्या?" दीपमालाचे डोळे भरून आले. परदेशी कार्टूनमधल्या त्या पिल्लाला आपल्या आवाजात इंग्रजी बोलायला लावणं, एवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती. ते गेलं, की बेदाणा निवडायला बसायचं.

बनुबाईच्या मागे नऊ वर्षांची प्रांजल उभी होती. आईचा सराव ऐकून ऐकून पिल्लाचं सगळं बोलणं तिला पाठ होतं. आताही तिचे ओठ हलत होते.

दीपमालानं एकदम तिचं मनगट धरून पुढं ओढलं. माइक खाली वाकवला.

"मी बोलते तसंच बोलायचं. सरांना कळता कामा नये."

हेडफोनची एक बाजू पोरीच्या कानाला आणि एक आपल्या कानाला लावून तिनं माइक चालू केला आणि खूण केली. प्रांजलनं आईकडे बघत हाक मारली, "वेट फॉर मी, ममा!"

दीपमालाच्या अंगावर काटा आला.

"आत्ता कसं!" पृथ्वीराज ओरडलाच. "अगं, एवढ्या वर्षांत असं कधी बोलली नव्हतीस! आजवर मोठी बाई लहान होऊन बोलतेय असं वाटायचं. आज खरं पोर बोललं. सगळ्या सीझनभर मला हाच आवाज पाहिजे. हाच, कळलं?"

दीपमालाला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा, पोटच्या पोरीचा, आणि मागोमाग त्याची लाज.

"दीपमाला? आहेस ना गं?"

त्या बसक्या आवाजात उत्तर दिलं, तर सगळं उघडं पडणार होतं. हेडफोन सोडून ती भिंतीशी जाऊन टेकली. प्रांजलनं वळून आईकडे पाहिलं. मग शाळेत हजेरीला देतात तसा, खणखणीत आवाज दिला, "प्रेझेंट, सर!"