गॅरेजातली सवत

लढाई सुरू झाली आणि इथे सौदीत, कतीफच्या दुकानांतली चिकटपट्टी संपली. इराकच्या मिसाईलमधून विषारी गॅस येईल म्हणून जो तो खिडक्यांच्या फटी बुजवत होता. आणि माझा नवरा जलाल? तो घरासमोरच्या गॅरेजात कफीलच्या, म्हणजे त्याच्या अरब मालकाच्या, जुन्या अमेरिकन गाडीत डोकं खुपसून बसलेला. तिची जळकी वायरिंग काढून नवी घालायची होती. त्यासाठी कफीलनं काळ्या टेपची अख्खी पेटी पाठवली होती. गाडीसाठी!

हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून मी तडक गॅरेजात गेले. बॉनेट उघडं होतं. नव्या वायरींच्या जुडग्याला जागोजागी हिरव्या कापडाच्या गाठी मारल्या होत्या. माझी ईदची ओढणी!

"पेटीभर टेप पुरली नाही वाटतं तुमच्या राणीला? आता माझे कपडेपण घाला तिच्या अंगावर."

जलाल काही बोलणार इतक्यात भोंगा वाजला. त्यानं माझा हात धरला, धावतच घरातल्या मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. खिडकीच्या चारी कडांना, एसीच्या भोवती काळी टेप लावलेली होती, थरावर थर. शेवटचा रोल घेऊन तो दाराच्या फटी बुजवू लागला.

"गाडीला श्वास घ्यावा लागत नाही, अफशाँ," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून रोल घेतला आणि खाली बसून उंबऱ्याकडची फट बंद केली.

"तरी ईदचीच ओढणी द्यायची होती तिला?"