मागून येणारा आवाज

बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला, तसा रेडिओ केंद्राच्या इंजिनियरचा दात मिक्सरच्या बटणांवर पडला. त्याने तो बोटाने बाजूला सारला आणि माईक सुरू केला.

"वाच," टोळीचा म्होरक्या निवेदिकेला म्हणाला. ती इंजिनियरची मेहुणी. तिने कागद उचलला.

"दंगल शमली आहे. रस्ते मोकळे आहेत. पाणी आणि औषधं घ्यायला सर्वांनी चौकात यावं."

म्होरक्याने खिशातला ट्रान्झिस्टर कानाला लावला होता. शब्द जसेच्या तसे आले, मागोमाग गाणं लागलं.

"शहाणा आहेस रे," म्हणत त्याने इंजिनियरच्या सुजलेल्या गालावर चापट मारली. "मार खाल्ला की बरं चालतोस."

गाणं लागलं, तरी माईकचा लाल दिवा विझला नाही. मेहुणीने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी रक्त गिळत होते, पण त्यांचा अंगठा दुसऱ्या वाहिनीच्या खटक्यावर होता; तिथे माईक चालूच होता. डिजिटल वाहिनी, त्याच मनोऱ्यावरून पहिलीच्या जोडीने जाणारी. जुन्या ट्रान्झिस्टरवर ती ऐकू येत नाही. नव्या रेडिओवर येते, आणि निम्मं शहर सकाळी तीच लावून बसतं.

तिने कागदाची घडी घातली.

"साहेब, लोक चौकात आले की सोडाल ना त्यांना?"

"सोडू की! गच्चीवरनं गोळ्या सोडू. चारी बाजूंना माझी माणसं बसलीत." तो खो खो हसला. "पोरंबाळं घेऊन आले तर आणखी बरं. पळता येत नाही."

हसू ओसरलं. तेवढ्यात खिडकीखालून पुन्हा तेच हसू आलं.

काल कुणाकडून तरी हिसकावलेली नवी कोरी गाडी खाली उभी होती. तिचा रेडिओ मालकाने लावला होता तसाच चालू होता. "...पळता येत नाही," गाडी म्हणाली. समोरच्या घरांतूनही तेच आलं. चौकाकडे निघालेली एक बाई बादली टाकून, पोराला ओढत मागे पळाली. दारं धडाधड लागली.

"हे काय आहे?"

"डिजिटल आहे, साहेब," इंजिनियर म्हणाला. "जरा मागून येतं."

"बंद कर!"

इंजिनियरने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

म्होरक्याने त्याच्यावर गोळी झाडली.

मेहुणी लाल दिव्याकडे बघत राहिली.

"बंद कर!" खाली गाडी ओरडली. आणि मग गाडीत, समोरच्या घराघरांत, रिकाम्या चौकापलीकडे, तीच गोळी पुन्हा सुटली.