शाईची साखर

"ह्यातला एक आकडा खोटा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी वही सासऱ्यांच्या आणि सुनेच्या मधोमध सरकवली.

वहीत दोन रकाने होते. सकाळचा सासऱ्यांचा, लाल पेनाने लिहिलेला: ९६, १०२, ९१, ९८. संध्याकाळचा सुनेचा, निळा: ३८४, ४१०, ३७२, ३९५. तपासणीच्या टेबलावर नखशिखान्त काळी शाई अंग चोरून बसली होती आणि कुणाचीच बाजू घेत नव्हती.

"मांजराची साखर रोज अशी शिडी चढून उतरत नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळचे शंभर खरे असतील आणि मी इन्सुलिन वाढवलं, तर ही बेशुद्ध पडेल. संध्याकाळचे चारशे खरे असतील आणि मी वाढवलं नाही, तर हळूहळू हातची जाईल. महिन्यात अर्धा किलो उतरलीय. इथे भीतीनेच साखर चढते, तेव्हा सोमवारी मला घरचा खरा आकडा सांगा."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. सुनेच्या मांडीवर टोपली, टोपलीत शाई.

घरात ही तिघंच. मुलगा बोटीवर इंजिनियर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सासरे छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. काना-मात्रेची चूक त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि वारंवार सांगत. सून डेअरीत दूध तपासायला पहाटे सहालाच बाहेर पडे. शाईला मधुमेह निघाला तेव्हा दोघांनी कामं वाटून घेतली. सकाळी सात सासऱ्यांचे, संध्याकाळी सात सुनेचे. कानाच्या कडेला सुई टोचायची, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीला लावायचा आणि आकडा लिहायचा. दीडशेच्या वर असेल तर इंजेक्शन द्यायचं, खाली असेल तर त्या वेळचं चुकवायचं. मग खायला द्यायचं. डॉक्टरीणबाईंचा नियम दोघंही डोळ्यात तेल घालून पाळत होते.

"बाबा, तुम्ही कानाला टोचता ना?" सुनेने बसमध्ये विचारलं.

"म्हणजे काय? न टोचता रक्त कुठून आणू?"

"सहज विचारलं. मला फार ओरबाडते."

"माझ्याकडे नाही ओरबाडत. बरोबर सातला मागच्या दाराच्या झडपेतून आत येते आणि मांडीवर ताणून देते. हातात माया लागते, सूनबाई."

"अंगात काही उरलं नाही हो तिच्या. फासळ्या मोजून घ्याव्यात."

"सकाळी उचलून बघ एकदा. पाय अवघडतो माझा."

सुनेने टोपलीचं झाकण नीट केलं. तिला आता खात्रीच झाली होती. म्हाताऱ्याला मांजराचा जीव एवढा प्यारा की त्याच्याने टोचवत नसणार. बाबा मनाचेच आकडे लिहितात, आणि वजनसुद्धा त्यांना मायेनेच भरलेलं दिसतं. पण वडीलमाणसाला तोंडावर खोटं कसं म्हणायचं? नवरा इथे नसताना तिला ह्या घरात बाबांचाच काय तो आधार होता.

सासऱ्यांनाही पाणी कुठे मुरतंय ते कळलं होतं. सून डेअरीत आहे. येताना वाटीभर साय आणत असेल, आधी लाड करत असेल आणि मग मोजत असेल. पण एवढी गुणी मुलगी, तिला चोर कसं ठरवायचं?

"उद्या रविवार," शेवटी तिनेच तोडगा काढला. "एरवी मी नऊपर्यंत लोळते. उद्या सातला आपण दोघं मिळून मोजू."

"मोजू की," सासरे म्हणाले. "दूध का दूध होऊन जाऊ दे." सायीचा विषय त्यांनी मोठ्या मनाने टाळला.

सकाळी पावणेसातला सून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. सातला मागच्या दाराची झडप हलली, काळी शेपटी आत आली आणि सासऱ्यांच्या मांडीवर चढली. त्यांनी चष्मा पुसला, कान दोन बोटांत धरला, टोचलं. म्यावसुद्धा नाही. थेंब पट्टीवर चढला. यंत्राने पाच सेकंद घेतले.

९४.

सुनेने यंत्र हातात घेऊन पाहिलं. मग दुसरी पट्टी काढून स्वतः टोचलं. ९५. तिलाही ओरबाडलं नाही.

"बाबा, मी फार वाईट आहे," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्ही टोचतच नाही. बसल्या बसल्या आकडे लिहिता."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग माझंही ऐकून घे. मी धरून चाललो होतो की तू तिला चोरून साय खाऊ घालतेस."

"साय?"

"वाटीभर."

दोघंही इतकं हसले की मांडीवरची काळी गठडी वैतागून उतरली आणि वाटीकडे गेली. सुनेच्या मनावरचं ओझं उतरलं. घरात कुणी खोटं बोलत नव्हतं, हेच तिला मांजराच्या साखरेहून मोठं वाटलं.

"पण मग संध्याकाळी होतं काय?" सासरे म्हणाले.

"आज तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. दर दोन तासांनी मोजू, दोघं मिळून. कुठे चढते ते सापडेलच."

"सापडेल म्हणजे काय, सापडायलाच हवं. चौतीस वर्षं लोकांच्या चुका शोधल्यात मी."

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून सून तोंड धुवायला न्हाणीघरात गेली. दार तिने उघडंच ठेवलं. स्वयंपाकघरातून सासऱ्यांचा कौतुकाचा आवाज येत होता, "खा, शाईबाई, पोटभर खा, आज तुम्ही माझी लाज राखलीत." वाटी फरशीवर खडखडत होती. सुनेने हसत हसत गिझरवरच्या उबदार फळीवरून टॉवेल ओढला, आणि टॉवेलाबरोबर झोपेतून अर्धवट जागी झालेली शाई खाली आली.