भिमाला खोली हवी

भिमा पिशाच्च होता, पण मेंढरांच्या रक्तावर जगणारा. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली, तसा तो सांगोल्याहून सोलापुरात आला. गिरणीत रातपाळी लागली; उन्हापासून लपायला खोली हवी होती. विणकरांच्या चाळीत घरमालकीण नरसम्मासमोर तो उपरण्यानं तोंड झाकून उभा राहिला. "तोंड का लपवतोस रे?" उपरणं सुटलं, सुळे दिसले. भिमानं हात जोडले. "अम्मा, मी रगत पितो. माणसाचं न्हाय, आईची आण!" नरसम्मानं सुळे न्याहाळले. "कोंबडीचं चालेल? रविवारी कापतो आम्ही." "व्हय की!" "आम्हीपण तेलंगणातून पोटासाठीच आलो." तिनं किल्ली काढली. "बायको कधी आणणार?" "लगीन न्हाय झालं." किल्ली परत कमरेला गेली. "एकटा पोरगा नको. चाळीत पोरी आहेत. लग्न करून ये." तिनं दार लोटलं. "अम्मा, बिनखोलीच्या पोराला पोरगी कोन देतंय?" आतून कडी लागली.