पितृपक्षानंतरचं तिकीट

काउंटरवरच्या मुलीनं वंदनाचा पासपोर्ट पुन्हा एकदा उलटून पाहिला आणि तो तिच्याकडेच परत सरकवला. शारजाला उतरायचं तर त्या दिवसापासून पुढे सहा महिने पासपोर्ट चालू असावा लागतो, असं तिनं सांगितलं. वंदनाचा मार्चच्या पंधरा तारखेला संपत होता. आज सप्टेंबरची बावीस.

"मार्चले संपते ना बाई. आज कुठं संपून राहिला?"

मुलीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग साहेब आले. त्यांनीही तेच म्हटलं, फक्त आवाज जरा हळू ठेवला. व्हिसा होता, मुंबईहून पुढचं तिकीट होतं, पारशिवनीहून आणलेली डिंकाच्या लाडवांची आणि दुपट्यांची बॅग होती. भूमिकाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं. डॉक्टरांनी लेकीला विमानात बसायला मनाई केली म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं होतं. ते आता नागपूरच्या विमानतळावरच अडकलं.

शेजारी तिची विहीण, चारुशीलाबाई, आपला बोर्डिंग पास हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांचा पासपोर्ट नवा कोरा होता, प्लास्टिकच्या कव्हरातला. मुलीनं तो उघडला आणि लगेच शिक्का मारल्यासारखी मान हलवली होती.

"तुम्ही कधी बदलला?" वंदनानं विचारलं.

मागल्याच महिन्यात, चारुशीलाबाई म्हणाल्या. सहा महिन्यांचं जितेंद्रनं फोनवर सांगितलं होतं. मुलगा शारजात राहतो, त्याला सगळं ठाऊक असतं.

"अन् माहा? दोन्ही पासपोर्ट तर तुमच्याच कपाटात होते. तिकिटं काढाले तुम्हीच नेले."

"तुमचा पाहिला होता ना मी. तेव्हा चालत होता."

हे वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या की वंदनाला त्याचा अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. तेव्हा चालत होता. तेव्हा, म्हणजे दोघींचं तिकीट आधी याच महिन्याच्या दहा तारखेचं होतं तेव्हा; त्या दिवसापासून सहा महिने पुरत होते, आज आठवडा कमी पडत होता. पण मग तारीख पुढे ढकलायला कोराडीहून चारुशीलाबाईंचा फोन आला होता. पितृपक्षात नातवंडाचं तोंड पाहायला कोणी निघतं का, अमावस्या होऊ द्या, घटस्थापनेचा दिवस चांगला. वंदनाला ते पटलंही होतं. पितृपक्षात ती साधी बांगडी भरत नाही. उलट विहिणीला देवाधर्माचं इतकं कळतं, याचं तिला बरंच वाटलं होतं. आज पहाटे उठून तिनं घट बसवले आणि अखंड दिवा जावेच्या हवाली करून गाडीत बसली.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. पण आवाज चढवला तर ही बाई चार लोकांत रडून दाखवील, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं अगदी घरच्यासारखं विचारलं.

"इहीणबाई, तुमच्या घरचा दिवा कोणाजवळ ठेवला?"

"कोणता दिवा?"

"घटाचा. आज बसले ना घट."

चारुशीलाबाईंनी पदर खांद्यावर नीट केला. "यंदा नाही बसवले. घरी पाहाले कोण आहे?"

वंदनानं मान डोलावली. मग तिचं लक्ष वजनकाट्याकडे गेलं. दोन महिन्यांसाठी निघालेल्या चारुशीलाबाईंची बॅग निम्मी रिकामी होती. चेनजवळ कापड खाली बसलं होतं. त्या रिकाम्या जागेत काय बसायचं होतं, ते आता तिला कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. संताप तर होताच, पण त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटली. इतकं सरळ कोणी असतं का?

ती खांबाशी गेली आणि लेकीला फोन लावला. थोडंच बोलली. बाकीचा वेळ भूमिका रडत होती आणि वंदना ऐकत होती.

परत आली तेव्हा चारुशीलाबाईंचा चेहरा साळसूद झाला होता. नशिबाचा भाग, त्या म्हणाल्या. नवा पासपोर्ट हाती येईपर्यंत बाळ रांगायलासुद्धा लागेल, असंही म्हणाल्या, आणि हे समजूत घातल्याच्या सुरात. मग त्यांनी हात पुढे केला. "लाडू द्या इकडे. माह्या वजनात जागा आहे."

बॅग तशीच ओढत पारशिवनीला परत न्यावी, असं वंदनाच्या मनात आलं. एकही लाडू या बाईच्या हातानं लेकीच्या पोटात जाऊ नये. पण बाळंतिणीला काय ठाऊक, लाडू कोणाच्या हातून आला? ती खाली बसली, लाडवांचा डबा दुपट्यांत गुंडाळला आणि विहिणीच्या बॅगेत स्वतःच्या हातानं रचला. डबा बरोबर बसला.

"पोरीले काही निरोप?" चारुशीलाबाईंनी विचारलं. काम झालं होतं, आता त्यांना गोड बोलायला काही लागत नव्हतं.

"निरोप आत्ताच दिला फोनवर." वंदनानं चेन शेवटपर्यंत ओढली. "म्हटलं, तुही सासू एकटीच येऊन राहिली. घटस्थापनेसाठी तारीख बदलाले लावली, अन् तिनं यंदा घटच नाही बसवले."

पट्टा सुरू झाला आणि बॅग रबराच्या झालरीआड गेली. चारुशीलाबाई बोर्डिंग पास धरून तिथेच उभ्या होत्या. मागच्या माणसाला दोनदा म्हणावं लागलं, चला ना बाई, पुढं चला.